नवा तंतू की वाचलेला तंतू?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘लुळे पडलेले उंदीर पुन्हा चालू लागले’ अशी बातमी छापून आली की माझा मुलगा ती मोबाइलवर मोठी करून वाचतो. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आंबे काढताना तो झाडावरून पडला. दहाव्या मणक्याशी मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं सगळं बंद पडलं. मी जिल्हा परिषद शाळेतली निवृत्त शिक्षिका. या चार वर्षांत कॅथेटर बदलायला शिकले, बेडसोर धुवायला शिकले.

सातव्या आठवड्यात त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. पाचव्या महिन्यात आम्ही दागिने मोडून एका शहरातल्या दवाखान्यात कमरेतून ‘स्टेम सेल’ची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं घेतली. पुढे गुडघा थोडा सरळ होऊ लागला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरून सांगितलं, “या बघा, नव्या नसा.”

आम्ही हात जोडले.

पुण्यात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भाचीने ती फिल्म पाहिली आणि गप्पच बसली. मग तिने सांगितलं, ते दोन दिवस माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. डॉक्टर ज्याला ‘नस’ म्हणाले, तो मज्जारज्जूतला तंतू म्हणजे चेतापेशीचा लांब धागा. असा एकेक तंतू केसापेक्षाही कितीतरी बारीक, एमआरआयमध्ये तो दिसतच नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूत रंगद्रव्य टोचतात. ते तंतूंमधून खाली उतरायला दोनेक आठवडे जातात. मग उंदीर मारून मज्जारज्जूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जिवंत माणसात हे कोण करणार?

आणि जखमेपलीकडे रंगलेला तंतू दिसला, तरी तो नवाच असेल असं नाही. इजेतून वाचलेला जुना तंतूही तसाच रंगतो. या चुकीबद्दल मज्जारज्जूवर संशोधन करणारे ओस्वाल्ड स्टुअर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ साली शास्त्रज्ञांनाच सावध केलं होतं. जुना तंतू बहुधा आपल्या ठरलेल्या वाटेने सरळ जातो, नवा जखमेतून वेडावाकडा वाट काढतो. तंतू वाढूच शकत नाहीत असं मात्र नाही. १९८१ साली मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडून, त्यातून तंतू तीन सेंटिमीटरच्या आसपास वाढल्याचं असंच माग काढून दाखवलं. पुलाच्या टोकाशी मज्जारज्जूत शिरल्यावर मात्र ते लगेच थबकले.

मुलाचं डिस्चार्ज कार्ड मी पुन्हा काढलं. त्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं होतं, ‘अपूर्ण इजा’. म्हणजे काही तंतू तेव्हाच वाचले होते. अंगठा हलला तो इंजेक्शनाच्या आधी, आणि गुडघा सरळ होण्यामागे रोज दोन वेळची फिजिओथेरपी होती. त्या फिजिओथेरपिस्ट ताईंचे आभार मानायचे राहून गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून विनंती, अशी बातमी छापताना प्रयोग कोणावर झाला, इजा पूर्ण होती की अपूर्ण, तंतू नवे असल्याचं कशावरून ठरवलं, हे दोन ओळींत तरी द्यावं. स्टेम सेल उपचाराच्या जाहिराती घेताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं पाहावीत. रक्ताचे काही आजार सोडले, तर हे उपचार रुग्णांवरच्या मान्यताप्राप्त चाचणीबाहेर (क्लिनिकल ट्रायलबाहेर) करू नयेत, असं त्यांत स्पष्ट आहे.

हे पत्र मुलगाच टाइप करतो आहे. त्याने आपली एक ओळ घालायला सांगितली आहे: नोंदणी झालेली, पैसे न घेणारी चाचणी कुठे सुरू झाली, तर ती बातमी पहिल्या पानावर छापा, मी नाव द्यायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, जि. रत्नागिरी