मायांच्या जंगलात देवळांसोबत झाडेही पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ग्वाटेमालातल्या तिकाल या माया लोकांच्या प्राचीन शहरावर लेख होता. त्यात देवळांच्या उंचीचे आकडे भरपूर, आणि वर ‘माया लोक एकाएकी गायब झाले’ हे ठरलेले वाक्य. तिकालसारखी शहरे नवव्या-दहाव्या शतकात ओस पडली हे खरे, पण माणसे कुठे गेली नाहीत. ग्वाटेमाला, मेक्सिको, बेलीझमध्ये आजही लाखो लोक घरात माया भाषाच बोलतात.

दाजीपूर-राधानगरीत फिरणाऱ्या कोल्हापूरकराला ते जंगल वाटते तितके परके नाही. तिकालच्या देवळांत, आपल्याकडे गणेशपट्टी असते त्या जागी, कोरीव लाकडी तुळ्या होत्या. लाकूड कसले, तर चिकूचे! आठव्या शतकातल्या त्यातल्या काही तुळ्या अजून शाबूत आहेत, इतके ते चिवट आणि वाळवीला न जुमानणारे. चिकू मूळचा तिकडचाच. त्याचा चीक आटवून च्युइंगम करत, म्हणून जुन्या खोडांवर नागमोडी घाव दिसतात. मायांनी पवित्र मानलेला सेइबा म्हणजे आपली पांढरी सावर. जपायचे ते चेचेमपासून. हा बिब्ब्याचा भाऊबंद. खोडावर काळा डाग ओघळलेला दिसला की हात लावू नये आणि पावसात त्याच्याखाली उभे राहू नये. चीक लागल्याचे लगेच कळत नाही, फोड एक-दोन दिवसांनी येतात. शंका आली तरी साबणाने धुऊन टाकावे.

जायचे डिसेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात घात होतो तो पायऱ्यांवर. आपल्या जांभ्याला निदान खरखर असते, तिथला चुनखडीचा दगड झिजून गुळगुळीत झालेला, त्यावर शेवाळ. पायरी उंच आणि रुंदीला इतकी कमी की पाऊल पुरे मावत नाही. तोल जातो तो बहुधा उतरताना, तेव्हा आडवे पाऊल टाकत उतरावे. पहिल्या क्रमांकाच्या देवळावर चढायला बंदीच आहे. सुमारे 65 मीटर उंचीच्या चौथ्या क्रमांकाच्या देवळाला मात्र लाकडी जिना आहे, आणि पहाटे तिथेच असावे. धुके, त्यातून वर आलेली बाकी देवळांची डोकी आणि हाउलर माकडांचा घुमणारा आवाज. अनेकांना ती जग्वारची डरकाळी वाटते. जग्वार तिथे आहे, पण दिसणे नशिबाचे. टूकन हा मोठ्या चोचीचा पक्षी पाहायचा तर फळे धरलेले झाड गाठून अर्धा तास गप्प उभे राहावे. फक्त माकडांच्या अगदी खाली नको; स्पायडर माकडे फांद्या मोडून टाकतात, आणि इतरही बरेच काही.

मुक्काम फ्लोरेस या गावी करतात, तिथून तिकाल साधारण 65 किलोमीटर. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर 20 ते 30 टक्के डीट असलेले डासांचे औषध; उलट क्रमाने लावू नये. मेक्सिकोतल्या कालाकमुल या दुसऱ्या माया शहराच्या अवशेषांकडे जाणार असाल तर महामार्ग सोडल्यावर आत सुमारे 60 किलोमीटर जंगल आहे, टाकी आधीच भरावी. विमान अमेरिकेत बदलणार असाल तर तेवढ्यासाठीही व्हिसा लागतो. तिकीट काढून मग हे कळणारे कमी नाहीत.

शेवटचे सापाचे. तिथला ‘बार्बा अमारिया’ हा आपल्या चापड्याच्या कुळातला, पण कितीतरी जहाल, आणि पाचोळ्यात दिसत नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांपुरते. ते सोबत नेऊन उपयोग नाही. पडक्या भिंतीच्या फटीत हात घालू नये, ओंडका ओलांडण्याआधी पलीकडे पाहावे, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. चावलाच तर चीर देणे नाही, आवळून दोरी बांधणे नाही. हात-पाय हलू न देता थेट रुग्णालय.

आपले,
जंगलभटकंती करणारे काही वाचक, कोल्हापूर