हवेला मिनिटांचं मीटर लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या पेट्रोल पंपावरचं पैसे घेऊन चालणारं हवेचं मशीन आणि त्याबद्दल फोनवर मिळालेली वागणूक

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनचा चौथा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. चारही वेळा तक्रार क्रमांक नवा मिळाला, उत्तर मात्र तेच: "हवेचं मशीन आमच्याकडे येत नाही, ते कंत्राटदाराचं आहे." पंपावरचा बोर्ड तुमचा, जागा तुमची, मशीनवर रंगसुद्धा तुमचाच. कंत्राटदार कोण हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असायचं कारणही नाही. मी तुमच्या पंपावर आलो होतो.

परवा सकाळी गाडी सुरू केली तर टायरमध्ये हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागला. रात्रीत थंडी वाढली होती. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की प्रेशर साधारण 1 पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) उतरतं, आणि महिन्याकाठी जवळपास तेवढी हवा आपसूक झिरपते, हे तुम्हाला मी सांगायला नको. हवा किती हवी, तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय. माझ्या हवा मोजायच्या गेजवर पुढच्या डाव्या चाकात 24 निघाली, मागच्या उजव्यात 26. हवा टायर थंड असतानाच बघायची असते, म्हणून कुठेही न जाता थेट तुमचा पंप गाठला. आधी टाकी फुल्ल केली, पैसे दिले आणि मग हवेकडे गेलो.

मशीनने पैसे घेतले आणि 3 मिनिटं उलटी मोजायला लागलं. पुढचं डावं चाक झालं. पाइप पलीकडच्या बाजूला पोचेना. टोपण खिशात टाकलं, गाडी फिरवली, उतरलो, तोवर अर्धा वेळ गेला होता. मागच्या उजव्या चाकाशी गुडघा टेकला. नोझलचं रबर झिजलेलं, व्हॉल्व्हवर नीट बसेना, फुस्स करून हवा उलटी बाहेर. दाबून धरलं, वाकडं करून बघितलं, तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद. माझं गेज लावलं तर 22. आलो तेव्हा 26 होती. पैसे देऊन मी हवा कमी करून घेतली! मशीनच्या काट्यावर मात्र 30 दिसत होते. काउंटरवर सांगितलं तर तिथल्या माणसाने मानही वर केली नाही. "परत पैसे टाका," एवढंच म्हणाला.

इथवर मी तक्रार केली नसती. ती केली तुमच्या हेल्पलाइनवरच्या संवादामुळे, आणि तो मी जसाच्या तसा लिहितो. दुसऱ्या फोनवर हट्टाने वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं, तेव्हा एक बाई आल्या.

मी म्हटलं, "पैसे घेतले आणि टायरमधली हवा कमी झाली."

"सर, मशीन हवेचे पैसे घेतच नाही. वेळेचे घेतं. वेळ तुम्हाला पूर्ण मिळाला आहे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. परत तेच, शब्दही तेच. मी सांगितलं की पाइप पोचत नाही, गाडी फिरवावी लागते, नोझल गळतंय. त्यावर, "सर, बाकीच्यांना जमतं. एक-दोनदा सराव केला की तुम्हालाही जमेल." ज्याचे गुडघे दुखतात त्याने चार चाकांपाशी 3 मिनिटांत कसं वाकायचं, असं विचारलं. थोडा वेळ शांतता. मग, "एवढी अडचण असेल तर घरी पंप घेऊन ठेवा ना, सर." वर, "आणखी काही मदत करू शकते का?" फोन ठेवला आणि मेसेज आला: तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे.

कुणाचं समाधान झालं?

मी काही सीट कव्हर फुकट मागत नाहीये. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आतले थर सुटायला लागतात आणि भर वेगात टायर फुटतो. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, कडा आधी झिजतात, पेट्रोल जास्त जातं. बऱ्याच गाड्यांत तो दिवा लागेपर्यंत हवा पाव हिश्शाने कमी झालेली असते. म्हणून महिन्यातून एकदा तरी बघा, असं सगळे सांगतात. आणि त्याच कामावर तुम्ही घड्याळ लावता. माणूस काय करतो? "पुढच्या वेळी बघू" म्हणतो. किंवा घाईत दोन चाकं भरतो आणि दोन तशीच ठेवून हमरस्त्याला लागतो. चारही चाकं नीट करायची तर मोजायचं, भरायचं, परत मोजायचं, जास्त झाली तर सोडायची. ते 3 मिनिटांत होत नाही. पाइप पोचत नसेल तर नाहीच नाही.

कॉम्प्रेसरला वीज लागते, पाइपवरून गाड्या जातात, नोझल तुटतात, कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी काढावं लागतं. मान्य. पण अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात इंधन घेणाऱ्या ग्राहकाला हवा, पाणी आणि प्रेशरचं गेज मोफत द्यायचं असा कायदाच आहे, आणि तिथेही पंप चालतात. बरं, पैसे घ्यायचेच असतील तर ठरवलेल्या आकड्याला आपोआप थांबणारी मशीन मिळतात. ती लावा. चुकीचा काटा आणि गळकं नोझल ठेवून वेळ विकू नका.

लहानपणी तुमच्याच नावाच्या पंपावर वडिलांनी मला गेज कसं धरायचं ते शिकवलं. हवा सुटल्याचा आवाज येत राहिला तर आकडा खोटा, परत लाव, म्हणायचे. तेव्हापासून मी दुसऱ्या पंपावर गेलो नाही. परवा प्रथमच गेलो, उरलेली तीन चाकं भरायला.

माझे पैसे परत करा, त्या मशीनचा काटा तपासून घ्या, आणि इंधन घेणाऱ्याला हवा मोफत द्या. "समाधानकारक निवारण" हा शेरा माझ्या तक्रारीवरून आजच्या आज काढा. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. "कंत्राटदाराचं आहे" हे तिथे सांगा.

तुमचा जुना ग्राहक

सोबत: इंधनाची पावती, हवेच्या मशीनची पावती, मशीनवर 30 आणि माझ्या गेजवर 22 दाखवणारे दोन फोटो