चि. मैथिलीस, तुमच्या कंपनीविषयी

फोंडा

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आईसमोर काही बोललो नाही, तिचा जीव आधीच टांगणीला लागलाय. पोस्टडॉकची नोकरी सोडून तुम्ही तिघं सिम्युलेशनच्या, म्हणजे वस्तू बनवण्याआधी ती भार सोसेल का हे संगणकावर तपासणाऱ्या, सॉफ्टवेअरची कंपनी काढताय, एवढं ऐकल्यापासून ती नीट जेवलेली नाही. तिचं मी बघतो. माझं विचारशील, तर खुशाल काढा. पण काही गोष्टी मनात आहेत, त्या लिहितो. फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस.

तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात. जॉन स्वॉन्सन वेस्टिंगहाउसची नोकरी सोडून बाहेर पडले आणि 1970 मध्ये पिट्सबर्गजवळच्या शेतावरच्या घरातून त्यांनी कंपनी सुरू केली. तीच पुढे अ‍ॅन्सिस झाली, तुमच्याच धंद्यातलं मोठं नाव. जुन्या मालकांनीच त्यांना सल्लागार म्हणून परत बोलावलं, तेव्हा त्यांनी अट घातली की तुमच्यासाठी लिहिलेला कोड मी माझ्या सॉफ्टवेअरमध्येही वापरणार. हे वाचलं आणि मला तुमचा सॉल्व्हर, म्हणजे आतली समीकरणं सोडवणारा कोड, आठवला. तो तुम्ही संस्थेचा पगार घेत असताना लिहिलाय. तो कोणाच्या मालकीचा, हे कुठे कागदावर आहे का? गाईडनी तोंडी ‘वापरा’ म्हटलं असेल, पण गाईड निवृत्त होतात. संस्थेचं पत्र हातात पडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पैशांचं थोडक्यात. स्टॉकहोमची कॉम्सॉल 1986 ची, तिथल्या केटीएच या तंत्रविद्यापीठात शिकलेल्या मुलांनी काढलेली. त्यांचं स्वतःचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर, फेमलॅब, बाजारात आलं 1998 मध्ये. मधल्या काळात ते मॅटलॅब हे दुसऱ्या कंपनीचं गणिताचं सॉफ्टवेअर विकत होते, त्याच्यासाठी समीकरणं सोडवणारा टूलबॉक्स लिहीत होते. दुसऱ्याचा माल विकायला लाजू नका, अर्धं म्हापसा मार्केट त्यावरच चालतं.

आता खरा मुद्दा. ‘आमचं सॉफ्टवेअर कुठलाही इंजिनिअर अर्ध्या तासात शिकेल,’ असं तू म्हणालीस, तिथे मी अडलो. आमच्या वेळी नॅस्ट्रानला, म्हणजे असल्याच एका जुन्या सॉफ्टवेअरला, डेटा द्यायचा म्हणजे आठ-आठ रकान्यांची घरं. आकडा एक रकाना सरकला की सगळं मुसळ केरात. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या कटकटीपायी माणूस प्रत्येक आकड्याकडे दोनदा बघायचा.

मी जहाजांच्या यार्डातून निवृत्त व्हायच्या सुमारास एक हुशार पोरगा बार्जच्या हॅचचं, म्हणजे डेकमधल्या चौकोनी तोंडाचं, संगणकावर मॉडेल करत होता. रंगीत चित्रात कोपरा लालभडक, म्हणजे ताण तिथे सगळ्यात जास्त. हिशेबासाठी सॉफ्टवेअर मॉडेलचे छोटे तुकडे पाडतं, ती जाळी. त्याने तिथली जाळी बारीक केली, ताणाचा आकडा वाढला. आणखी बारीक केली, आणखी वाढला. घाबरून तो प्लेटच जाड करायला निघाला. मागे उभा असलेला फिटर म्हणाला, ‘कोपरो आमी सदांच गोल कापतात मरे!’ चित्रात कोपरा काटकोनी होता. तशा आतल्या कोपऱ्यात गणिताने ताणाला मर्यादाच नाही, जाळी बारीक कराल तितका आकडा चढत जाणार. सॉफ्टवेअरने सांगितलेलं गणित चोख होतं, फक्त तसा कोपरा यार्डात कोणी कापत नव्हतं. गॅस कटर फिरवताना फिटरचा हात आपसूक वळतो आणि ताण तिथेच उतरतो.

तुमच्या सॉफ्टवेअरने अशा जागी तोंड उघडलं पाहिजे. मॅन्युअलच्या कुठल्याशा पानावर नव्हे, त्याच पडद्यावर, रिपोर्ट छापायच्या आधी: ‘जाळी बदलली की हा आकडा बदलतोय, यावर प्लेटची जाडी ठरवू नका.’ मुरलेले लोक कुरकुर करतील, करू देत. बटणं कमी करणं सोपं आहे, त्यासाठी तुमच्या पीएचडीची गरज नाही. उत्तर कुठे फसवं आहे हे ओळखायला मात्र तुम्हीच लागता, आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजावेत ते त्यासाठी.

चवथीला येशील तेव्हा लॅपटॉप आण. गणपतीवरची माटोळी बांधून झाली की त्या पोराला घरी बोलावतो, आता तो मोठा डिझाइनर झालाय. त्याला हॅच काढू दे. तू शेजारी बसायचं, पण कुठे क्लिक करायचं ते सांगायचं नाही. तो जिथे अडेल ते वहीत लिहून घे. फिटरलाही निरोप धाडतो, चहाला म्हणून येईल.

संस्थेच्या पत्राचं काय झालं ते मला लगेच कळव. आईच्या मोबाईलवर नको, ती सगळं मावशीच्या ग्रुपवर टाकते.

बाबा