चढत नाही, यात कौतुक कसलं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात लालबागला नात्यातल्या हळदीला गेले होते. माझ्या बहिणीचा मुलगा, वय २२, मित्रांत बसून पीत होता. चौथा पेग संपवून तो उठला आणि सरळ चालत गेला. "मामावर गेलाय, पोराला चढतच नाही!" म्हणून टाळ्या पडल्या. बहीणही हसली. मला तिथे बसवेना.

तो मामा म्हणजे आमचा धाकटा भाऊ. लिव्हर खराब होऊन ३८व्या वर्षी गेला. त्याच्याआधी वडील. मिल सुटल्यावर पिऊन यायचे, पण भारतमाता टॉकीजच्या कोपऱ्यावरून घरापर्यंत पाऊल वाकडं पडायचं नाही. चाळीत त्याचंही कौतुकच होतं.

भावाच्या आजारपणात मी मिळेल ते वाचलं. अमेरिकेतले डॉ. मार्क शुकिट यांनी व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली आणि दहा वर्षांनी पुन्हा गाठलं. १९९४ साली निष्कर्ष छापला: ज्यांना कमी चढली होती त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनी झाले होते, लवकर चढणाऱ्यांतले १४ टक्के. कारण कळण्यासारखं आहे. थांब म्हणून सांगणारी शरीराची खूणच उशिरा येते, तोवर ग्लास वाढत जातात.

रक्ताचा वाटा साधारण निम्मा, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. बाकी भोवताल आणि सोबत. रक्ताचा वाटा काही अंशी स्वभावातूनही येतो. स्वभावही एकाच साच्यातला नसतो. भाऊ उतावळा, पतंगासाठी कौलांवर धावणारा. वडील अबोल, भित्रे, झोप यावी म्हणून घेणारे. दोघं एकाच जागी पोचले. मी आणि बहीण त्याच घरात वाढलो, आम्ही दारूला शिवलोही नाही. तेव्हा हे कपाळावर लिहिलेलं नसतं, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

आपल्या घरात साखरेचा आजार असेल तर आपण मुलांना न लाजता सांगतो. दारूचं मात्र "हार्टने गेले" म्हणून झाकतो. मग पोराला कळणार कसं? आपल्या आरोग्याच्या पानावर डॉक्टरांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

परवा भाच्याला घरी बोलावलं. भावाचे रिपोर्ट कपाटातच होते, ते त्याच्यापुढे ठेवले. बराच वेळ चाळत बसला. मग विचारलं, "मावशी, आजोबांनाही चढत नव्हती?" मी हो म्हटलं.

आपली,
एक वाचक भगिनी, लालबाग, मुंबई