चढाच्या आयर्नमॅनला सपाटीचे गियर नकोत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या हौशी खेळाडूंनी आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि शेवटी मॅरेथॉन अशी सलग स्पर्धा) पुरी केल्याच्या बातम्या आता वर्तमानपत्रांत वरचेवर दिसतात. पोहण्याला किती वेळ लागला, सायकलला किती, धावायला किती, हे सगळं त्यात असतं. सायकलला पुढे किती दात्यांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) होती आणि मागे कोणती कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) होती, हे मात्र कधीच नसतं. मिरामारहून सुरू होणाऱ्या गोव्याच्या ७०.३ साठी, म्हणजे अर्ध्या आयर्नमॅनसाठी, ते नसलं तरी बिघडत नाही. तिथे सायकल दुकानातून आली तशी चालते. पण इथले लोक आता फ्रान्समधल्या नीसला आणि स्पेनच्या लान्झारोते बेटावर जायला लागले आहेत, आणि अनेकांच्या सायकलवर अजूनही पुढे ५३/३९ (दोन चेनरिंगचे दाते) आणि मागे ११-२८ (कॅसेटच्या सर्वांत छोट्या आणि सर्वांत मोठ्या चकतीचे दाते) असते. चाकांवर लाखांत खर्च होतो आणि कॅसेट आहे तीच राहते. म्हणून हे पत्र.

नीसचं उदाहरण घेतो, कारण २०२३ आणि २०२५ मध्ये पुरुषांची आणि २०२४ मध्ये महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथेच झाली. सायकल १८० किलोमीटर, एकूण चढ सुमारे २४०० मीटर. समुद्रकिनाऱ्यावरून निघालेला रस्ता कोल द लेक्र या ११०० मीटरहून उंच खिंडीत जातो. मुख्य चढण वीसेक किलोमीटरची, सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. फसवणूक होते ती या सरासरीत.

७० किलोचा स्वार, सायकल, बाटल्या आणि खाणं मिळून १२ किलो, म्हणजे एकूण ८२. एफटीपी, म्हणजे तासभर टिकणारी ताकद, २१० वॅट. अशा माणसाने पूर्ण आयर्नमॅनमध्ये एकूण सरासरी १४५-१५० वॅटच्या पुढे जाऊ नये, आणि लांब चढावर फार तर १७५ धरावेत. १७५ वॅटवर ५ टक्क्यांच्या चढाला वेग येतो ताशी १३ किलोमीटर. ३९/२८ या गियरमध्ये (पुढे ३९, मागे २८ दाते) त्याची केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, ७४ पडते. कागदावर छान! इथेच लोक वही मिटतात. आता तोच माणूस, तेच १७५ वॅट, पण चढ ८ टक्के. वेग ८.८ वर येतो आणि ३९/२८ मध्ये केडन्स ५०. १० टक्क्यांच्या तुकड्यावर वेग ७.२, केडन्स ४१. आता त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात: पाय रेटत राहायचं, किंवा केडन्स सावरण्यासाठी २२०-२५० वॅट लावायचे. दोन्हीचा हिशेब मॅरेथॉनच्या पंचविसाव्या किलोमीटरनंतर होतो.

केडन्स ५० असो की ७०, वॅट तेवढेच, मग बिघडतं काय? पायावरचा भार. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) १७५ वॅट देताना ७० केडन्सला पेडलवर सरासरी १४ किलोचा जोर पडतो, ५० केडन्सला तोच २० किलोचा होतो. हा झाला पूर्ण फेरीचा सरासरी आकडा. पेडल खाली ढकलतानाचा कमाल जोर त्याहून बराच जास्त. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर दर फेरीला चाळीस टक्के जास्त ताण, आणि अशा हजारो फेऱ्या. हृदयाची गती यात फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळाकडे बघणाऱ्याला सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं तेही इथूनच.

म्हणून गियर निवडताना सुरुवात करायची ती सर्वांत खड्या किलोमीटरपासून. स्पर्धेच्या मार्गाची जीपीएक्स फाइल (मार्ग आणि उंचीची नोंद) मिळते. त्यात पाचशे मीटर किंवा त्याहून लांब असलेला सर्वांत तीव्र तुकडा शोधा. त्या चढावर, स्पर्धेत परवडेल एवढीच ताकद लावून तुमचा वेग किती असेल ते काढा. संगणकावर गणित करून किंवा आपल्याच घाटात तेवढ्या चढावर मोजून. मग त्या वेगाला ८.८ ने भागा. हा ८.८ कुठून आला? टायरचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे-मागे सारखे दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल तेवढीच पुढे जाते, आणि ७० केडन्सला ताशी ८.८ किलोमीटर होतात. भागाकार १.१३ आला तर ३४/३० पुरेल, १ आला तर ३४/३४ हवा, ०.९ आला तर ३३/३६ लागेल. वरच्या ७० किलोच्या माणसाला ८ टक्क्यांवर ३४/२८ मध्ये केडन्स ५८ मिळते, ३४/३२ मध्ये ६६, ३४/३४ मध्ये ७०. पुढे ३६ असेल तर ३६/३४ म्हणजे जवळजवळ ३४/३२ च.

वजनदार स्वारांनी हा हिशेब दोनदा करावा. ८५ किलोचा माणूस, एफटीपी २२०, चढावर १८० वॅट: ८ टक्क्यांवर वेग ७.७ आणि ३४/३४ मध्येही केडन्स जेमतेम ६१. त्याला ३४/३६ किंवा ३३/३६ घेण्यात कमीपणा काहीच नाही. छोट्या गियरला नाक मुरडायची आपल्याकडे जी पद्धत पडली आहे तिला काय म्हणावं! डोंगराळ शर्यतींत व्यावसायिक सायकलपटूसुद्धा आता ३४ ची कॅसेट लावतात, आणि त्यांचे वॅट आपल्या दीड-दोन पट असतात.

अलीकडे १६५ किंवा १६० मिलिमीटरचे छोटे क्रँक लावायची लाट आली आहे. वाकून बसताना मांडी पोटाला कमी लागते, त्यामुळे बदल चांगलाच आहे. पण तरफ आखूड झाली. १७० वरून १६० वर आलात तर त्याच गियरमध्ये त्याच केडन्सला सहा टक्के जास्त जोर लागतो. मागचा ३४ काढून ३६ लावला की बरोबर तेवढी भरपाई होते. क्रँक बदलला आणि कॅसेट तशीच ठेवली, तर काम अर्धंच झालं.

आता हमखास येणारा आक्षेप: मोठी चेनरिंग घालवली तर उतारावर मागे पडू. ५०/११ मध्ये ९० केडन्सला वेग ५१, १०० ला ५७. त्याहून वेगात पेडल मारण्यापेक्षा अंग आवळून स्वस्थ बसलेलं बरं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तिथे पेडल मारून मिळवण्यासारखं थोडंच उरतं. शिवाय नीसचे उतार वळणावळणांचे आहेत, तिथे बोटं ब्रेकवर असतात.

दुसरा आक्षेप जास्त विचार करून घेतलेला असतो: ११-३४ मध्ये दात्यांमधल्या उड्या मोठ्या, सपाटीवर लय बिघडते. दोन्ही कॅसेटचे दाते मोजून बघा. शिमानो कंपनीची ११ स्पीडची (मागे ११ चकत्यांची) ११-२८: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. ११-३४: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. म्हणजे १५ ते २५ सगळं जसंच्या तसं. छोट्या दात्यांतले गेले ते फक्त १२ आणि १४. पुढे ५० असताना ९० केडन्सला १५ वर वेग ३८ होतो, १७ वर ३३, १९ वर ३०. सपाटीवर ताशी ३० ते ३५ ने जाणाऱ्या हौशी माणसाची १२ आणि १४ शी क्वचितच गाठ पडते. मधल्या ११-३२ मध्ये मात्र १४ नंतर १६, १८, २०, २२, २५ असे दाते येतात. ती सवय वेगळी, वाईट नाही.

वन-बाय, म्हणजे पुढे एकच चेनरिंग, याची ट्रायथलॉन सायकलवर सध्या फॅशन आहे. पुढे ५० आणि मागे ११-३४ असेल तर सर्वांत हलका गियर १.४७ चा (५० भागिले ३४). जुना ३९/२८ हा १.३९ चा होता! ३४ ची कॅसेट दिसली म्हणून निश्चिंत होणारे इथे फसतात. डोंगरासाठी पुढे दोन चेनरिंग असलेल्या बऱ्या. स्रॅम कंपनीच्या १२ स्पीडमध्ये मागचा सर्वांत छोटा दाता १० चा असल्याने पुढे ४८/३५ किंवा ४६/३३ दिसलं तरी घाबरू नये. ४८/१० हा ५२/११ पेक्षाही जड गियर आहे.

जोडणीत काय काय चुकतं तेही लिहितो, कारण दुकानात ‘बसेल हो’ असं म्हणून काम उरकलं जातं.

डिरेल्युरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राची, मर्यादा आधी तपासा. शिमानो १०५ आर ७००० आणि अल्टेग्रा आर ८००० चे मागचे डिरेल्युर दोन लांबीत येतात. आखूड पिंजऱ्याचा एसएस ३० दात्यांपर्यंत, लांब पिंजऱ्याचा जीएस ३४ पर्यंत. दुसरी मर्यादा ढिली चेन ओढून घ्यायच्या क्षमतेची: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या दोन टोकांमधला फरक. ५०/३४ आणि ११-३४ ला १६ अधिक २३ म्हणजे ३९ होतात, आणि जीएसची क्षमता नेमकी ३९ आहे. एसएसची ३५, त्यामुळे त्यावर ५०/३४ आणि ११-३० एवढंच नियमात बसतं. हँगरला (डिरेल्युर फ्रेमला धरणाऱ्या पट्टीला) वाढीव तुकडा लावून एसएसवर ३४ चालवण्याचा जुगाड होतो, पण शिफ्टिंग मंद पडतं. परदेशातल्या स्पर्धेसाठी तो करू नये. शिमानोच्या १२ स्पीडमध्ये हा घोळ उरलेला नाही: अल्टेग्रा ३४ घेतो, १०५ तर ३६ सुद्धा.

पुढे ३९ ऐवजी ३४ लावायचा तर क्रँकचे पाय (चेनरिंग धरणारे फाटे) मोजा. जुन्या पाच पायांच्या, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १३० मिलिमीटर असलेल्या क्रँकवर ३८ पेक्षा छोटी चेनरिंग बसतच नाही; क्रँक बदलावा लागतो. शिमानोच्या चार पायांच्या ११० मिलिमीटरच्या क्रँकवर ५३/३९, ५२/३६, ५०/३४ सगळं बसतं, फक्त चेनरिंगची जोडी घ्यायची. ५३ चं ५० केलं की पुढचा डिरेल्युर खाली सरकवायचा. त्याचा बाहेरचा पत्रा आणि दाते यांत १ ते ३ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. काही टाइम ट्रायल (एकट्याने वेळेविरुद्ध चालवायच्या) फ्रेमवर डिरेल्युरची खाच एवढी खाली जातच नाही. विकत घेण्याआधी बघा, नंतर नाही.

शिमानोची ११ स्पीडची ११-३४ रोडच्या ११ स्पीड हबवर (चाकाच्या तुंब्यावर) बसवताना मागे १.८५ मिलिमीटरची चकती घालावी लागते. ती विसरली की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) ४० न्यूटन-मीटरला आवळूनही कॅसेट खुळखुळते आणि गियर कधीच नीट जुळत नाहीत. मेकॅनिक मग तासभर केबल ओढत बसतो.

चेनची लांबी ही सर्वांत महागात पडणारी चूक. २८ ची कॅसेट काढून ३४ ची लावली आणि चेन जुनीच ठेवली, तर मोठी चेनरिंग आणि मोठा दाता एकत्र येताच चेन ताणून डिरेल्युर उपटला जातो, कधी हँगरही तुटतो. ‘मी त्या गियरमध्ये जाणारच नाही’ हे घरी ठीक. पाच तास सायकल चालवल्यावर, उताराच्या तळाला एकदम चढ लागला की बोट बटण दाबत सुटतं. चेन डिरेल्युरमधून न घेता मोठ्यावर मोठी गुंडाळून, वर कड्यांची एक जोडी ठेवून कापा. नवी कॅसेट, नवी चेन. झिजलेली चेन नव्या दात्यांनाही झपाट्याने झिजवते.

बी-स्क्रू (डिरेल्युरची वरची छोटी चकती, म्हणजे पुली, कॅसेटपासून किती दूर राहील ते ठरवणारा स्क्रू) तपासताना सर्वांत हलक्या गियरमध्ये पेडल उलटं फिरवून बघा. वरची पुली ३४ ला घासत नसेल आणि तरी शक्य तितकी जवळ असेल, तर काम झालं.

केबलवाल्या टाइम ट्रायल सायकलला शिफ्टर एरोबारच्या (वाकून धरायच्या पुढच्या दांड्यांच्या) टोकाला असतात, आणि चढावर हात बाहेरच्या हँडलवर. म्हणजे गियर बदलायचा तर चढातच हात सोडून पुढे वाकायचं. पुढची छोटी चेनरिंग चढ सुरू होण्याआधी, चेनवर ताण नसताना घ्या. भर चढावर ताण देऊन ती टाकली की चेन बॉटम ब्रॅकेटकडे (क्रँकच्या आसाकडे) उतरते. बाराशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा चेन कॅचर हे टाळतो.

तपासणी आपल्याच घाटात करावी, पण ताज्या पायांनी नाही. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट बाराएक किलोमीटरचा आणि बऱ्यापैकी एकसारखा आहे. तो लागोपाठ दोनदा चढला की कोल द लेक्रचा अंदाज येतो. सिंहगडाच्या रस्त्यावर १० टक्क्यांच्या वरचे तुकडे आहेत, ते खड्या किलोमीटरसाठी. आधी शंभर-सव्वाशे किलोमीटर चालवा, मग स्पर्धेची वॅटमर्यादा पाळून चढा. पॉवरमीटर नसेल तर पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर लावा. शेवटच्या गियरमध्ये केडन्स दोन-तीन मिनिटांहून जास्त वेळ ६० च्या खाली राहिली, तर मागे दोन ते चार दाते वाढवायचे. लान्झारोतेला जाणाऱ्यांनी एक गियर आणखी हलका धरावा. तिथे चढाच्या जोडीला वारा तोंडावर असतो आणि वरचं गणित वारा शून्य धरून केलेलं आहे.

हे सगळं निघण्याआधी तीन आठवडे उरकावं, म्हणजे नव्या केबल बसायला वेळ मिळतो. विमानाच्या पेटीत मागचा डिरेल्युर सोडवून फोमात गुंडाळा आणि आपल्या फ्रेमचा सुटा हँगर सोबत ठेवा. परदेशी दुकानात नेमका तोच मिळेल याचा भरवसा नसतो. आणि तिथे चाकं भाड्याने घेणार असाल, तर त्यांवर कोणती कॅसेट आहे ते नोंदणी करतानाच विचारा. ११-२८ लावलेलं डिस्क चाक आदल्या संध्याकाळी हातात पडलं, तर स्वतःची कॅसेट, लॉकरिंगचा पाना आणि ती १.८५ ची चकती बॅगेत असलेली बरी.

आपला,
सायकल जुळणीचं काम करणारा एक वाचक,
पुणे