रुपये-खुर्दा किती गेला?

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. बडोद्याहून तुझं पत्र आलं. युद्धानंतर देशानं पुढं कसं जावं, असं तू विचारलंस. माझं म्हणणं, आधी नीट मोजावं. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाकडे (आजचं विदिशा) सावकारी भाषेत कळली: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यं म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपये-खुर्दा म्हणजे साधे शिपाई. आपण हे वाक्य शाळेपासून पाठ म्हणतो. त्यातला शेवटचा तुकडा मला अजून टोचतो.

कारगिलला गणती झाली. ५२७ शहीद, त्यांची नावं द्रासच्या स्मारकावर कोरलेली आहेत. जखमी १,३६३. पण जखमीचा खर्च तो आकडा लिहिला त्या दिवसापासून सुरू होतो, हे कुणी मनावर घेत नाही.

एकच पाय घे. सुरुंगावर पाऊल पडलं की बहुधा गुडघ्याखाली पाय कापावा लागतो. जखम भरली की उरलेल्या टोकाला क्रेप बँडेज तिरपं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बांधायचं. खाली घट्ट, वर जाताना सैल. गोल गोल गुंडाळलं तर रक्त अडतं आणि टोक कांद्यासारखं फुगतं. मग सॉकेटचं, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत ते टोक बसतं तिचं, माप घेतात. पहिल्या वर्षात टोक आटत जातं, त्यामुळे पहिला सॉकेट काही महिन्यांतच सैल पडतो. माणूस आत एक मोजा घालतो, मग दोन, मग तीन. तरी टोक आत खाली घसरायला लागलं की हाडावरची कातडी सोलते, आणि तो पाय कोपऱ्यात उभा करून पुन्हा कुबडी घेतो. लोक म्हणतात, सरकारनं पाय दिला तरी हा वापरत नाही. अरे, मापाचा राहिला नाही म्हणून वापरत नाही! साधारण तीन ते पाच वर्षांनी पाय बदलावाच लागतो. बाविशीतल्या जवानाला सत्तरीपर्यंत दहा-पंधरा पाय लागणार. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हे काम करतंय. पण भिंड-मुरैन्याच्या आतल्या गावातून पुणं गाठायचं तर कितीतरी दिवस मोडतात, आणि बरोबर एक माणूस लागतो. सॉकेट दुरुस्त करणारा कारागीर भरतीच्या मुलखातच बसवायला हवा. जिथून मुलं नेतो तिथं एवढं तरी ठेवावं.

कण्याला मार लागला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर माकडहाडापाशी शय्याव्रण होतं. हे आई करते किंवा बायको. तिची झोप कुठल्याच हिशेबात धरलेली नसते.

युद्ध झालं नाही तरी माणसं जातात. डिसेंबर २००१ नंतर ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर सैन्य जमवलं तेव्हा, सीमेवरच्या शेतांत सुरुंग पेरले गेले. सैन्य परतलं, सुरुंग काढायचे राहिले. राजस्थानात वाळू सरकते, पंजाबात पावसाचं पाणी वाहतं, आणि नकाशावर लिहिलेल्या जागी सुरुंग राहत नाही. काढणाराही त्यात जातो. शेतकऱ्याचा पाय गेला तर त्याचं नाव कुठल्या स्मारकावर येत नाही. त्याला जन्मभराचा उपचार आणि पडीक राहिलेल्या हंगामांची भरपाई मिळावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पैशाचं सांगतो. शत्रूच्या माऱ्यात नियमित जवान गेला तर पत्नीला लिबरलाइज्ड पेन्शन मिळतं, म्हणजे त्याचं शेवटचं पूर्ण मूळ वेतन. जायबंदी होऊन सेवेतून सुटलेल्याला युद्धजखमेचं पेन्शन असतं. अपंगत्व ५० टक्क्यांखाली ठरलं तर ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्याहून वर १००. अग्निवीराला, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाला, मात्र २०२२ च्या योजनेत एकरकमी ठेवलंय: अपंगत्वाच्या मानानं १५, २५ किंवा ४४ लाख. मृत्यू आला तर विमा ४८ लाखांचा, पण कुटुंबाला पेन्शन नाही. पंधरा लाख एकदा मिळतात आणि पाय पन्नास वर्षं बदलायचा असतो. एकाच खंदकात एकाच गोळ्यानं जखमी झालेल्या दोघांत हा फरक अन्याय आहे, आणि तो सुधारायलाच हवा.

खुर्द्यातलं एक नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे. पानिपतात महादजी शिंद्यांचा पाय जायबंदी झाला, तो जन्मभर अधू राहिला. त्यांना राणेखान नावाच्या भिस्त्यानं, म्हणजे पाणक्यानं, उचलून नेलं, म्हणून ते वाचले, आणि १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली परत घेतली तेव्हा महादजी तिथं होते. राणेखानाला त्यांनी पुढं भाऊ मानून मोठं केलं. त्यामुळेच ते नाव आज उरलं.

आता तुझ्या फौजेतल्या भाच्याचं. तो रजेवर आलाय ना? मग लाजू नकोस, विषय काढ. त्याच्या लग्नाची नोंद युनिटनं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक बदलांच्या अधिकृत नोंदीत, काढलीय का, हे आधी विचार. ती ऑर्डर निघाली नसेल तर जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी तो अजून अविवाहितच आहे. किंड्रेड रोलमधलं, म्हणजे फौजेकडच्या घरच्या माणसांच्या यादीतलं, त्याच्या बायकोचं नाव आणि आधारवरचं नाव एकेक अक्षर जुळवून बघ. माहेरचं आडनाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असेल तर पेन्शन महिनोन्‌महिने अडकतं. भरतीच्या वेळी विम्याचं नॉमिनेशन आईच्या नावावर केलेलं असतं आणि लग्नानंतर बदलायचं राहून जातं. मग नेमकं दुःखाच्या दिवसांत सासू-सून समोरासमोर उभ्या राहतात. आईला किती आणि पत्नीला किती, हे त्यानं स्वतः आत्ताच टक्क्यांत लिहावं, आणि ते दोघींनाही सांगावं. पत्नीबरोबरचं जॉइंट खातंही उघडून घे.

रजा संपायच्या आत एवढं कर, आणि काय दुरुस्त करावं लागलं ते मला कळव.

तुझा
मित्र