भात निम्मा, वरण दोन पळ्या

परळ, मुंबई
घटस्थापनेचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी हिच्या रक्ताच्या रिपोर्टच्या रांगेत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. हिची चौथी केमो झाली. उलट्या कमी आहेत, पण तोंडाला चव नाही. दोन महिने संपले की पुन्हा स्कॅन. तिचं एवढंच.

तू विचारलंस, "तुझ्या शुगरचं काय?" त्याला फोनवर "चाललंय" म्हणालो. खरं सांगायचं तर गेले चार महिने मी दुसऱ्यांच्या हातचं, दुसऱ्यांच्या पुण्याईचं खातोय. टाटा हॉस्पिटलच्या आसपास सकाळपासून गाड्या लागतात. कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाचा नवस. माणसं मनापासून वाढतात. पण ताटात काय असतं बघ: सकाळी चहा-बिस्किट नाहीतर पोहे, दुपारी पुरी-भाजी किंवा पुलाव, वर बुंदी, आणि जाताना हातात दोन केळी. पितृपक्षात तर पंधरा दिवस खीर आणि जिलबी. कालपासून साबुदाण्याची खिचडी सुरू झालीय. उपवासाचं म्हणून आपण हलकं समजतो, पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, स्टार्च. काल वाटीभर खाल्ली, दोन तासांनी शुगर २८६! शुगर तपासायची एक पट्टी वीसेक रुपयांना पडते, म्हणून आठवड्यात दोनदाच तपासतो, आणि नेमकी ही निघाली.

पण जास्त शुगरची मला भीती वाटत नाही, गड्या. भीती वाटली ती श्रावणात, एका सकाळी. मला दोन गोळ्या आहेत. मेटफॉर्मिन गरीब गाय आहे, एकटी असली तर सहसा शुगर फार खाली नेत नाही. दुसरी, ग्लिमेपिराइड, शुगर खेचून खाली आणते. पोटात अन्न गेलं नाही तरी ती तिचं काम करतेच. त्या दिवशी नाश्त्याची गाडी येईल या भरवशावर मी सातला गोळी घेतली. पाऊस धो धो, गाडी आलीच नाही. साडेनऊला रांगेत दरदरून घाम, हात थरथरायला लागले, समोरचा नंबर दिसेना. मागच्या बंगाली बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मुलाच्या बाटलीतलं ग्लुकोजचं पाणी तोंडाला लावलं. तिचा नवराही शुगरचा, हे नंतर कळलं.

आता नियम केलाय: ताट हातात आल्याशिवाय ती ग्लिमेपिराइड घ्यायची नाही. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, जेवण नाही तर ती गोळी नाही. शर्टाच्या खिशात तीन चमचे साखरेची पुडी असते. घाम फुटला की ती तोंडात टाकायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, ७० च्या वर आली का बघायचं. ही हसते. म्हणते, नऊ वर्षं चहात साखर घालू दिली नाहीत, आणि आता खिशात घेऊन फिरता!

दुपारी जमेल तेव्हा शिवभोजन केंद्रावर जातो. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भाताची मूद. भात १५० ग्रॅम आणि वरण १०० ग्रॅम असा तिथला हिशेब. माझ्या दृष्टीनं उलटा हवा होता, पण निदान ठरल्या वेळी मिळतं. भाजी-वरण आधी संपवतो, चपाती मग, भात शेवटी दोन घास. त्यानं जेवणानंतरचा आकडा खरोखर कमी येतो, मी दोन पट्ट्या खर्चून बघितलंय. उरलेला भात त्या बंगाली कुटुंबाकडे जातो, त्यांच्या वाट्याच्या चपात्या माझ्याकडे येतात. केळी त्यांच्या पोराला. औषधं स्वस्त औषधांच्या जनऔषधी दुकानातून आणतो, बाहेरच्या निम्म्याहून कमी पैसे लागतात.

सगळ्यात जड काय गेलं, सांगू? मागणं नव्हे. मागायची लाज पहिल्या आठवड्यातच गेली. जड गेलं ते रांगेत उभं राहून "भात निम्मा, वरण दोन पळ्या" म्हणणं. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मागून एकजण बोललाच, "धर्माची गाय अन् दात का गं नाय!" कान तापले. आपल्याकडे वाढलेल्या अन्नाला नाही म्हणत नाहीत, आणि दिलेल्याला नाव ठेवत नाहीत. माझ्या आईनं हेच शिकवलं, तुझ्याही. पण वाढणारी पोरगी कॉलेजातली होती. तिनं फक्त विचारलं, "काका, शुगर आहे का?" आणि दोन पळ्या वाढल्या. तेव्हापासून सरळ सांगतो. ताटात टाकून देण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

दर अमावस्येला एक गृहस्थ आईच्या नावानं जेवण आणतात. त्यांना हळूच म्हणालो, इथं रुग्णांबरोबर आलेले शुगरवाले बरेच आहेत, कधी उसळ आणता येईल का? ते चकित झाले. इतकी वर्षं आणतायत, कुणी सांगितलंच नव्हतं. सर्वपित्रीला मटकीची उसळ घेऊन आले. सोबत पाव, आणि वर जिलबी! आईला आवडायची म्हणाले. मी उसळ दोनदा घेतली, जिलबीचा एक तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. तिथं नाही म्हणणं मला जमलं नाही, आणि जमायला हवं होतं असंही वाटत नाही.

आता कामाचं. तुझा पुतण्या पुढच्या आठवड्यात देवगिरी एक्सप्रेसनं दादरला उतरणार आहे ना? त्याच्याबरोबर वहिनींच्या हातच्या कडक भाकरी पाठव, वीस-पंचवीस. तू म्हणतोस ज्वारीची भाकरी कितीही खा, तसं नाही रे. तिनंही शुगर वाढते, पुरी-पावापेक्षा बरी एवढंच. मी एका वेळी एकच खाणार. पण गाडी आली नाही तर पिशवीत काहीतरी आहे, हा आधार मोठा. कारळाची चटणी, जवसाची चटणी, दोन किलो फुटाणे, किलोभर मूग. मूग रात्री भिजवतो, सकाळी तसेच खातो, धर्मशाळेत शेगडीचा नंबर लागत नाही. लाडू, चिवडा काही नको. वहिनी ऐकणार नाहीत, तरी सांग. हिच्यासाठी मात्र लिंबाचं गोड लोणचं पाठवा, तेवढंच तिच्या जिभेला कळतं.

सोयाबीन काढणीला आलं असेल. माझ्या वाट्याचं आधी काढू नकोस, तुझं उरक. आणि रेशन कार्डाची झेरॉक्स पुतण्याजवळ दे. इथंही धान्य उचलता येतं म्हणतात. गहू-तांदूळच मिळणार, पण त्या बंगाली बाईच्या घरी भात शिजतो, तिच्या उपयोगी पडेल.

तुझा,
(शर्टाच्या खिशात साखर बाळगणारा)